डाव्या दाराचं हँडल

सोमवार, दि. ९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वन्सं यांना नमस्कार.

तुमचं पत्र परवा पोचलं. गुडघ्याला आराम आहे हे वाचून बरं वाटलं. शेक मात्र सोडू नका. आम्ही दोघी माझ्या धाकट्या बहिणीकडे आहोत. पोरीच्या मनगटाचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. कानामागचे केस अजून उगवले नाहीत, पण डॉक्टरीण म्हणाली येतील. कागद वाया जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते आहे. उजेडात धरून वाचा, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

तुम्ही लिहिलंत की यांच्या मांडीत सळई घातली आहे, जबडा तारांनी बांधला आहे, आणि बायको जिवंत असताना भरवायला परकी बाई ठेवावी लागते. मी परत यावं आणि पोलिसांना एवढंच सांगावं, की गाडी जुनी, दार आपोआप उघडलं आणि त्या गोंधळात ती भिंतीवर गेली. शेवटी असंही लिहिलंत, की चोरून हँडल बसवून मी नवऱ्याचा घात केला.

चोरून बसवलं हे खरं आहे. घाताचं तुम्हीच ठरवा, पण आधी सगळं वाचा.

पुढच्या डाव्या दाराला आतून हँडल नव्हतं हे तुम्हांला माहीत होतं. ते कसं तुटलं हे कधी विचारलं नाहीत. एकदा सिग्नलला यांनी माझं डोकं काचेवर आपटलं, तेव्हा मी दार उघडून उतरले आणि चालायला लागले. त्या संध्याकाळी यांनी पान्याने ते हँडल ठोकून काढलं. मग त्याच पान्याने माझी बोटं. करंगळी वाकडी आहे ती तेव्हापासून. तुम्हांला मी दारात चिमटली म्हणून सांगितलं होतं, आणि ते तसं अगदीच खोटं नव्हतं.

पुढे ते दार बाहेरूनच उघडायचं. हे गाडीला वळसा घालून येत, दार उघडत, मग मी उतरे. समोरची शेजारीण म्हणायची, नशीब काढलंस बाई, आमच्याकडे पदर आत असतानाच गाडी पुढे जाते. मी हसायची.

नवीन बसवू या म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं. जुनं मॉडेल आहे, कंपनीने पार्ट बंद केला. मी मानलं. देवापाशीही तेच म्हणत आले, की जे मिळतच नाही त्याला कोण काय करणार.

मग गेल्या वर्षी गाडीचा पाण्याचा पंप गेला. शोरूमच्या मागे पार्ट मिळण्याचा काउंटर असतो, तिथे हे गेले. जुन्या गाडीचा माल मागवावा लागतो, आठवडा लागेल, असं काउंटरवाला म्हणाला. यांनी नमुना म्हणून नेलेला जुना पंप उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटून हाड दिसत होतं म्हणे. यांना तिथे पाऊल टाकायची बंदी झाली, म्हणून नवा पंप आणायला मी गेले.

काउंटरवाल्याच्या भुवईवर टाके होते. गाडीचा चासी नंबर टाइप करून तो म्हणाला, ही गाडी ओळखीची आहे. मी हात जोडले. तर म्हणाला, तुम्ही कशाला, पंप तुम्ही थोडाच फेकलात. मग सवयीनेच त्याने आणखी काही हवंय का विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की दाराचं आतलं हँडल हवं होतं, पण ते बंद झालंय ना.

त्याने स्क्रीनवर पाहिलं.

"बंद? कधीच नव्हतं. मागवलं की येतं."

वन्सं, बोटांवर पाना पडला तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

डावं की उजवं, असं त्याने विचारलं. मी मनात गाडी समोरून पाहिली आणि उजवं सांगून बसले. आलं ते यांच्या बाजूचं. मागवलेला माल परत घेत नाहीत, तशी पाटीच आहे तिथे. तो म्हणाला, गाडीची डावी-उजवी समोर उभं राहून ठरत नाही, आत बसलेल्याला विचारावी लागते. मग त्याची नजर माझ्या गालावर गेली. पाटी असूनही त्याने ते हँडल ठेवून घेतलं, डावं मागवलं, आणि ते आल्यावर कसं बसवायचं तेही दाखवलं. एक स्क्रू आणि मागे एक दांडी अडकवायची, बस. मेकॅनिककडे नेऊ नका, म्हणाला, तुमचं तुम्हीच बसवा.

पैसे घरखर्चातलेच. माझ्या वाटचं दूध बंद केलं होतं. तुम्ही चोरी म्हणा.

आणूनही मी ते लगेच बसवलं नाही. देवांच्या मागे ठेवून दिलं. नवऱ्याच्या गाडीतून पळायची सोय आपल्या हाताने करायची, हे मला पाप वाटत होतं. मग एकदा जेवताना हे म्हणाले, पोरगी आता मोठी झाली, रविवारपासून ती पुढे बसेल, तू मागे. तिच्या हातातला घास तसाच राहिला.

शनिवारी दुपारी हे झोपले असताना मी देवाचं नाव घेत घेत स्क्रू आवळला आणि हँडलवर कापडी पिशवी लटकवली. पोरीला सांगितलं नाही. तिची नजर सारखी तिकडे गेली असती.

रविवारी निघालो. गणितात नापास झाल्याचं तिने लपवलं होतं, ते यांना कळलं होतं. गल्लीतच यांनी एक हात तिच्या केसांत घातला आणि तिचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं. मग पुन्हा. रक्त काचेपर्यंत उडालं. मी मागे होते.

त्या जागेवर एकदा तुम्ही होतात. तुमचे डोळे तपासायला चाललो होतो, आणि माझं तोंड असंच आपटलं गेलं. तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. थोड्या वेळाने रुमाल पुढे केलात आणि म्हणालात, सीटला डाग पडेल. रागाने लिहीत नाही. मीसुद्धा त्या रविवारी आधी खिडकीबाहेरच पाहिलं. कुणाची तरी सायकल होती, दोरीवर चादर होती. मान आपोआप वळते.

मग पोरगी ‘आई’ म्हणाली.

मी म्हटलं, "पिशवी ओढ. खाली हँडल आहे. उघड आणि उडी टाक."

वळणावर गाडी मंदावली होती. ती मनगटावर पडली. तिचे केस तुमच्या भावाच्या मुठीत राहिले. मीही मागचं दार उघडून रस्त्यावर पडले. आता हे नीट वाचा, कारण हे मी बहिणीलाही सांगितलं नव्हतं. तुमच्या भावाने गाडी थांबवली नाही. मागे घेतली, आमच्या दिशेने वळवली, आणि जोर दिला. पोरगी उठू शकत नव्हती. मी तिला बगलेत धरून एका घराच्या पायऱ्यांवर ओढलं. गाडी माझ्या साडीचा काठ फाडत गेली आणि भिंतीत घुसली. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. ते गोंधळलेले नव्हते, वन्सं.

पोलिसांना मी हे सगळं सांगितलं आहे. काउंटरवाल्याने आपल्या भुवईची जबानी दिली. यांनी मारलेलं घरचं कुणी पाहिलं आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव दिलं. ते तुमच्याकडे येतील. वकीलबाई म्हणतात, तुमचा भाऊ उभा राहिला की पोरीचा ताबा मागणार. तुम्ही बोललात तर त्यांना ती मिळणं कठीण. तुम्ही काही पाहिलं नाही म्हणालात, तर माझा एकटीचा शब्द उरतो, आणि तो कितीसा चालतो ते तुम्ही घरात पाहिलंच आहे.

तुमचे डोळे तपासायला जाताना गाडीत काय झालं ते तुम्हांला ठाऊक आहे, मला आणि देवाला. तिघांपैकी दोघींनाच कोर्टात बोलावतील.

जबड्याच्या तारा निघेपर्यंत पातळच द्यायला सांगा, आणि फार गरम नको. मी येणार नाही.

पत्राखाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहायची सवय आहे. आज हात तिथवर गेला होता, पण लिहीत नाही.

तुमच्या भाचीची आई