सात नंबरची रंभा

३ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार
पोंभुर्ण्याच्या जंगलातल्या क्वार्टरात आज संसार मांडला. नळाला दिवसभर पाणी! महाकाली मातेची तसबीर पूर्वेला लावली, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. ह्यांना इथल्या प्रयोगशाळेत बारा कुत्र्या सांभाळायचं काम मिळालं. बायांना मूल राहू नये म्हणून जी नवी सुई निघणार आहे, ती आधी या कुत्र्यांना देतात. बाईच्या मापाच्या कितीतरी पट. थानात गाठ येते का ते पाहतात. पिंजरे झाडणारी आशाबाई शेजारीच राहते. हसत म्हणाली, सात नंबरच्या रंभेले पाहून घ्या बाई, तुमची सवत हाय ते. मीही हसले.

८ नोव्हेंबर, बुधवार
माझं अक्षर बरं, म्हणून कुत्र्यांचं रजिस्टर साफ उतरवायला हे घरी आणतात. आज डबा द्यायला गेले तर हे रंभेजवळ बसलेले. तिच्या थानांवर दोन बोटं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मळलेली कणीक दाबून पाहावी तशी. ती डोळे मिटून पडलेली. रंभाबाई, रंभाबाई चाललं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला 'ऐकली का'च्या पुढे हाक नाही. नवऱ्यानंही नाव घेऊ नये अशी आमच्याकडची रीत, त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं.

१४ नोव्हेंबर, पाडवा
पाट मांडला, निरांजन लावलं. हे बसले, तेवढ्यात आशाबाईनं दारातून आवाज दिला, रंभेले गाठ लागली जी. हे कुंकू न लावून घेताच उठले. मी ताट धरून उभी, वात संपेपर्यंत. माते, माफ कर. मी म्हटलं, मरो ती.

२० नोव्हेंबर, सोमवार
शुक्रवारी रजिस्टरात सात नंबरपुढे 'सुट्टी' लिहिलेलं दिसलं. मला वाटलं, कोणी घरी पाळायला नेली. नारळ फोडला, प्रसाद वाटला. आशाबाई घेईना. म्हणाली, सुट्टी म्हंजे झाकल्या ट्रेतली शेवटची सुई, एवढंबी ठाऊक नाई का बाई? तीन दिवस झाले, ह्यांनी अन्नाला हात लावला नाही. माझं पोटातलं गेलं तेव्हा हे दोन्ही वेळ जेवले होते.

२७ नोव्हेंबर, सोमवार
खोटं बोलले. म्हटलं, मलेबी गाठ लागून राह्यली. ह्यांनी जवळ बसवलं. दोन बोटं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. अकरा वर्षांत असं नाही. म्हणाले, काही नाई लागत, पण ताकतीची सुई घेऊन घे. मी दंड पुढे केला. कसली, ते विचारलं नाही. रंभा मेली ते बरंच झालं.

११ डिसेंबर, सोमवार
रोज सकाळी पाहतात. सोमवारी सुई. आशाबाई म्हणते, मालक लयच लाडात आले बाई, तोंड उजळलं तुमचं. मी लाजले. रजिस्टर मात्र हल्ली घरी येत नाही.

१८ डिसेंबर
आज आणलं. सात नंबरची 'सुट्टी' खोडलेली. पुढे ह्यांच्या हातच्या तारखा — २७ नोव्हेंबर. ४ डिसेंबर. ११ डिसेंबर. दर सोमवारी एक मात्रा. शेवटी, आजचीच ओळ — डावी बाजू, वाटाण्याएवढी.
बोट लावून पाहिलं.
आहे.

१९ डिसेंबर
म्हटलं, चंद्रपूरले डॉक्टरीणबाईले दाखवू. म्हणाले, प्रयोगशाळेचे साहेब सांगतात, कुत्रीचं अंग वेगळं, बाईचं वेगळं. भिऊ नको, रंभे.
रंभे म्हणाले.
आशाबाईला सांगावं. पण सांगितलं तर ती बोटं थांबतील —

२२ डिसेंबर
आज मला पाहिलं नाही. नवी कुत्री आली. सकाळपासून तिच्यापाशीच. साहेबांना बारा पाहिजेत. तिच्यासकट बारा झाल्या. मग मी —
आशाबाई हसत आली. मालकाचा जीव हाय हो तुमच्यावर, नवीचं नाव रंजीता ठेवलं.
माझं नाव. अकरा वर्षांत एकदाही — आणि तिला —
इथपर्यंत ऐकू येतं. रंजीता, रंजीता. ती भुंकून ओ देते. कशी लाडानं देते, रांड —

दुपार
हे येत आहेत. हातात झाकलेला ट्रे. फाटकातूनच हाक मारून राह्यले, रंभा, रंभा. ओ द्यायची नाही. माते, ओ द्यायची नाही. पण इतक्या मायेनं मला कधी कोणी — पुन्हा मारली हाक — मी आले म्ह