तांडेलाच्या घरातले गोल्डफिश

आई, माझ्या घरातल्या दोन माशांनी मला वेड लावायचं ठरवलंय. विनोद नाही हा. वीतभर लांबीचे, केशरी, लठ्ठ, डोळे बाहेर आलेले, गोल्डफिश म्हणतात त्यांना. काचेच्या टाकीत राहतात, आयतं खातात, आणि मी कोपरापर्यंत हात बुडवून, कंबर मोडेपर्यंत वाकून पाण्यात लावलेलं एकूणएक रोप उपटून टाकतात. खाली वाळू उघडी, वर सगळा पाला तरंगतोय आणि मधून हे शेपट्या हलवत फिरतायत, जसं काही झालंच नाही. 'मेल्यांनो, मी उपाशी ठेवते का तुम्हाला?' असं मी काचेला तोंड लावून विचारलेलं आहे. तू असतीस तर आधी म्हणाली असतीस, खायचे नाहीत तर मासे पाळलेत कशाला गो? तेच सांगायला बसलेय. दुसऱ्या कुणाकडे बोलायला जावं तर म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून काय वैतागतेस.

तू गेलीस तेव्हा तुझी नात माझ्या कडेवर होती. आता ती चिपळूणला तिच्या संसारात आहे. आणि तुझे जावई तुला आठवतात तसे राहिलेले नाहीत. बंदरावरून हाक मारली की पलीकडच्या होडीतला खलाशी दचकून वळायचा, असा आवाज होता ह्यांचा. गेल्या दिवाळीनंतर अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात सगळं कळतं त्यांना. कळत असेल, पण शब्दाचं सोड, घशातून साधा हुंकारही येईना. ज्या माणसाने जन्मभर तांडेल म्हणून बोट चालवली, खलाशांना ओरडून ओरडून वागवलं, तो दिवसभर भिंतीकडे बघत पडून. मी आपली बोलत राहायची. आज बांगडा स्वस्त होता, आज नळाला पाणीच नाही, शेजारणीची सून माहेरी गेली. एकदा पेजेची वाटी आपटून म्हटलं, 'अहो, निदान चिडा तरी माझ्यावर!' मग सांडलेली पेज मीच पुसायला घेतली.

म्हणून मुलीने ती टाकी आणली. 'आई, बाबांचे डोळे तरी फिरतील.' पलंगासमोर टेबलावर ठेवली. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, 'तांडेलाच्या घरात न खायचे मासे, हे बाकी नवीनच हां!' नुसत्या काचेत मासे भकास दिसायचे, म्हणून मला हिरवं काहीतरी लावायची हौस आली. मोबाइलवर एक माणूस सांगत होता, वाळूखाली लाल माती घाला, रोपं जोरात वाढतात. म्हणे ही माती पुड्या बांधून विकत मिळते. मी म्हटलं, अगो बाई, आमच्या तर पायाखाली सगळा जांभाच! मागच्या दगडी गडग्याकडून घमेलंभर माती आणली, चाळली, खाली पसरली, वर वाळू घातली, रोपं खोचली. काय देखणं दिसत होतं, तुला सांगते. दुपारी भाकऱ्या भाजत होते तर आतून आवाज आला. घोगरा, अडकत अडकत. मला वाटलं ह्यांचा श्वास कोंडला, आता संपलं सगळं. पिठाच्या हातांनी धावले. टाकी लालभडक, पावसाळ्यात डोंगरावरून गढूळ पऱ्या वाहावा तशी. त्या दोघांनी माती तळापासून उकरली होती, रोपं वर, मासे दिसेनात, आणि हे हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांत पाणी, अंग हलतंय. कितीतरी महिन्यांनी घरात ह्यांचा आवाज. एखादीने देवापुढे साखर ठेवली असती. मी ओरडले, 'हसताय काय? हे निस्तरायचं कुणी?' आणि तिथेच जमिनीवर बसून रडले.

तेव्हापासून हाच धंदा. मी लावायचं, त्यांनी उपटायचं, ह्यांनी हसायचं. ह्यांची अंघोळ, कूस बदलणं, औषधं, हाताचे व्यायाम, भरवणं, आणि त्यावर ही पाण्यातली शेती. मला वीट आलाय ग. चादर बदलली की पुन्हा ओली. भरवलं की निम्मं गळ्यावर. सकाळी केलेलं संध्याकाळी पुन्हा करायचं. निदान एक गोष्ट मी लावली तिथे राहावी, एवढंच मागणं होतं माझं. तेही दोन माशांना बघवत नाही. आणि लोक काय म्हणतात माहीत आहे? तुम्ही किती करता हो त्यांचं. मला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटतं. आपटत नाही, चहा करते.

अशा वेळी तू मला मासळीबाजारात दिसतेस. शाळा सुटली की मी तुझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसते. तू बांगड्यांची रांग लावतेस, सगळी तोंडं एका बाजूला, वर पाणी शिंपडतेस. एक बाई येते, कल्ले उघडून बघते, पोट दाबते, वरचा खाली करते, खालचा वर, आणि नाक मुरडून पुढे जाते. तू परत रांग लावतेस. दुसरी येते, तेच. एकदा मी खेकसले, 'घ्यायचे नाहीत तर हात कशाला लावता?' तू सगळ्यांदेखत माझ्या दंडाला चिमटा काढलास. 'गप बस गो. ती उलटंपालटं करणारच. आपण परत मांडायचं.' आई, त्या बोलण्याचा मला आजही राग येतो. दुपार कलली की तुझी मासळी खपायची. पाटी रिकामी करून, धुऊन तू घरी यायचीस. माझी पाटी कधी रिकामी व्हायची? हे लिहिलं आणि माझीच मला भीती वाटली. मला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे कधी कधी म्हणायचं असतं, पण नव्हतं. तू समजून घे.

मुलगी म्हणाली, 'प्लास्टिकची झाडं लाव आणि सुटका करून घे बघू.' लावली. माशांनी एकदा तोंड घातलं, थुंकलं आणि परत फिरकले नाहीत. ह्यांनीही तोंड भिंतीकडे केलं. काढून फेकली मी ती. मग टाकीचं सामान विकतो त्या दुकानदाराने सांगितलं, 'काकी, हे मासे वाळू उकरणारच, जातच ती त्यांची. तुम्ही वाळूत लावूच नका. हे जाड पानाचं रोप घ्या, दगडाला बांधा. पान कडक असतं, खात नाहीत, आणि मुळं हळूहळू दगडाला धरतात.' गाठी मारायला मला कुणी शिकवायला नको. ह्यांच्या जाळ्याचा तंगूस घरात होताच, त्या नायलॉनच्या दोऱ्याने जांभ्याच्या तुकड्यांना एकेक रोप आवळलं आणि तळाशी ठेवलं. त्या दोघांनी ढुशा मारल्या, पानं ओढली, काही होईना. 'उपटा आता, बघते!' मी टाळ्या पिटल्या. पाणी निवळलं, हिरवंगार दिसायला लागलं. मुलगी फोनवर बघून म्हणाली, 'वा, आई! जमलं की तुला.' हे बघत होते. बघता बघता झोपले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मासे पानांतून शहाण्यासारखे फिरत होते आणि घरात फक्त पंखा ऐकू येत होता. चौथ्या दिवशी ह्यांचं तोंड पुन्हा भिंतीकडे होतं.

हे पत्र पाठवायचं कुठे आणि कुणाला? तुला तर वाचताही येत नव्हतं. घरी आलेलं पत्र मीच तुला वाचून दाखवायचे, आणि नको ते गाळायचे. आज गाळत नाही. मुलीला वाटतं सगळी रोपं बांधलेली आहेत. रोज सकाळी चहाच्या आधी मी एक रोप नुसतं वाळूत टेकवते. मुळं उघडी, अगदी सैल. मग स्वयंपाकघरात जाते आणि गॅस न पेटवता उभी राहते, कान तिकडे लावून. ह्यांच्या घशातला तो आवाज आला की पदराला हात पुसत बाहेर येते आणि माशांना, ह्यांना, सगळ्यांना तोंडाला येईल ते बोलते. तुला वाटेल मी ह्यांच्यासाठी नाटक करते. नाही ग आई. मी तेव्हा खरंच चिडलेली असते.