पाटाचं दार

९ जानेवारी

सांगलीहून फोन. प्रियदर्शनी मॅडम, यांच्यावर उपचार झाले त्या हॉस्पिटलातल्या. यांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. यांची फाईल आणि मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा अभ्यासाला हवाय. गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं, यांना दिलेलं ते औषध कुणाला लागू पडणार, कुणाला नाही, याची काही खूण आधी सापडते का — रक्तात, गाठीत, बीपीत — ते बघणार आहेत.

"ज्यांना उपयोगच नाही त्यांचे हाल तरी वाचतील, काकू."

हो म्हटलं. फोन ठेवल्यावर रडू आलं. गाठीचा तुकडा अजून आहे आणि हे नाहीत!

१० जानेवारी

पहिल्या खेपेला मीही गेले होते. डॉक्टर म्हणाले, आतड्यातली गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या काढून घेते, हे औषध त्या वाढू देत नाही. हे लगेच — "म्हंजे वाफ्याचं दार बांधायचं! पाणीच न्हाई म्हटल्यावर कांदा वाळनारच की." येताना विट्याच्या स्टँडवर चहा पिताना दोन अनोळखी माणसांनाही हेच समजावलं. माझे धाकटे दीर, नाथाजी भावजी, कपाळाला हात लावून बसले. "दादा, आता कंडक्टर तेवढा ऱ्हायला बघ."

नंतर भावजीच न्यायचे. मी इथं वडूजला, सासूबाईंपाशी.

१४ जानेवारी

मोबाईलवर वाचत बसले. अडलं की राणीला शिरवळला फोन. "आई, मी कंपनीत आहे गं, डॉक्टर नाही!" पण लेक सांगते बिचारी.

या औषधानं बऱ्याच जणांचं बीपी वाढतं. ज्यांचं वाढलं त्यांना औषध जास्त लागू पडलं, असं काही ठिकाणी दिसलंय. काही ठिकाणी नाही. पक्कं कुणालाच माहीत नाही.

यांचं दर वेळी एकशेवीस-ऐंशी! नर्स म्हणायची म्हणे, "काका, जवानाचं बीपी हाय तुमचं." पलटणीतला माणूस, घरी येऊन सगळ्यांना सांगायचे. मी देवापुढं साखर ठेवायची. कशाची साखर ठेवत होते मी?

२१ जानेवारी

वर्षश्राद्ध झालं. ओसरीवर पुरुषांची पंगत, यांच्या गमती निघाल्या. भावजी सांगत होते — एकदा शेजारच्या पेशंटला बीपी वाढलं म्हणून डोस न देताच परत पाठवलं. तेव्हापासून यांनी धसका घेतला.

"दर खेपंला तासगाव आलं की माझ्याकडं बीपीची गोळी मागायचा. म्हनायचा, भरतीचं मेडिकल हाय गड्या, पास व्हायलाच पायजे! मग मी काय केलं —"

सगळे हसले. मी ताक वाढत होते. तांब्या तिथंच ठेवला आणि आत आले. पुढचं ऐकलंच नाही.

२२ जानेवारी

म्हणजे बीपी वाढत होतं! दार बांधलं की पाटात पाणी चढतं, एवढं शेतातलं मलाही कळतं. औषध काम करत होतं आणि हे गोळी खाऊन ते झाकत होते. मग स्कॅन झाला, गाठ वाढलेली दिसली, डॉक्टरांनी औषध बंद केलं. बीपी दिसलं असतं तर थोडे थांबले असते.

अहो, कुणाला पास होऊन दाखवत होता?

दुपारी भावजी आले. "वयनी, जरा आयका तर —" मी आतून कडी घातली.

२४ जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. यांची फाईल खोटी आहे म्हटलं. मग विचारलंच — बीपी वाढलेलं दिसलं असतं, तर औषध चालू ठेवलं असतं का?

मॅडम म्हणाल्या, "काकू, औषध बंद केलं ते स्कॅन बघून. बीपीवरून अजून कुणी ठरवत नाही. ठरवता येईल का, तेच शोधतोय." फाईल मात्र अभ्यासातून काढावी लागेल म्हणाल्या.

काढा म्हटलं.

औषध लागू पडलं होतं. एवढं तरी आता माझ्याजवळ आहे.

२५ जानेवारी

जिवंतपणी यांच्यावर एवढी कधी रागावले नाही.

२ फेब्रुवारी

भावजी आले. चहा नको म्हणाले. "वयनी, ती गोळी बीपीची नव्हती. भलतंच काय झालं म्हंजे, म्हनून कॅल्शियमची द्यायचो. त्येचं मन राखायला. त्या दिशी त्येच सांगत हुतो, तर तुमी उठून गेला."

म्हणजे ते एकशेवीस-ऐंशी खरंच होतं. पाटात पाणी चढलंच नव्हतं.

मॅडमना फोन केला. म्हटलं, यांची फाईल खरी आहे. काढू नका.