धाकट्याचा ठसका

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून आधी हसशील. रोज फोनवर डोकं खाणारी ताई आज कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुला कळेलच. बिनसलंय खरं. पण फोनवर मी गंभीर झाले की तुला विनोद सुचतात, आणि इकडे आई कान देऊन बसलेली असते. तिला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.

आपल्या दोघांची फुप्फुसं जन्मापासूनच रडकी. आठवतं, आई आपल्याला पलंगाच्या कडेला डोकं खाली करून पालथं घालायची आणि पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करायची? तू त्यातही शर्यत लावायचास, कोणाचा जास्त निघतो याची. जिंकलास की वाटी घरभर मिरवायचास. मला किळस यायची आणि हसूही आवरायचं नाही. तेव्हा आजारी पडलो तरी गोळ्या घेतल्या की आठवड्याभरात आपण उंडारायला मोकळे. औषध लागूच पडणार नाही, असं कधी मनातही आलं नाही.

या वेळी नाही लागू पडलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ताप आपला जागच्या जागी. कफाच्या तपासणीत जो जंतू सापडला, तो आपल्या नेहमीच्या कुठल्याच औषधाला दाद देत नाही. एकच औषध उरलंय, शिरेतून द्यायचं, आणि त्यानं मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सोमवारी मला दाखल करणार आहेत. शाळेत रजेचा अर्ज दिला, तर मुख्याध्यापिकांनी विचारलं, किती दिवसांची? मी तो रकाना कोराच ठेवला. भीती वाटते रे. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, आणि तिथं कठड्याला धरून उभी असताना वाटतं, पुढचा श्वास आलाच नाही तर?

डॉक्टरांनी विचारलं, घरात छातीचा असा आजार आणखी कोणाला? मी म्हटलं, भावाला, पण तो दुसऱ्या गावी शिवणकामाचं दुकान चालवतो, त्याचा काय संबंध. घरी येऊन औषधाच्या वाफेचं मशीन धुवायला घेतलं आणि एकदम आठवलं. गेल्या महिन्यात तू आलास, तो नेहमीसारखा स्वतःचं मशीन विसरून. दोन दिवस माझंच वापरलंस, माझाच मास्क तोंडाला लावून. आई तर कौतुकानं बघत होती. आईला किंवा तुझ्या भाऊजींना या जंतूपासून फारसा धोका नाही म्हणतात. तो आपल्यासारखीच फुप्फुसं शोधतो.

काल फोनवर तू खोकलास आणि ठसका लागला म्हणालास. अरे, तुझा ठसका मी ओळखते आणि तुझा कफही. काल कफ वाजत होता. कपाटात जुन्या उरलेल्या गोळ्या असतील, त्यातली एकही घेऊ नकोस, आधी तपासणी व्हायला हवी. जंतूनं घर करायच्या आत तो सापडला तर हुसकता येण्याची आशा असते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून हे पत्र टपालात न टाकता भाऊजींच्या हाती दिलंय. तू वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही, असं त्यांना बजावलंय. गिऱ्हाईकं थांबतील. दुकान बंद कर आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि धाकट्या, मला भेटायला येऊ नकोस. सोमवारनंतर मीच घाबरून तुला बोलवेन, रडेनसुद्धा. तरी येऊ नकोस.

तुझीच,
ताई