तात्यांचा डावा पाय

जालना,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अंगद,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरा असशील असं धरून चालते. फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. आपल्या वर्षाचा फार्मसीवाला मच्छिंद्र उद्या पुण्याला निघालाय, तो हातात देईल.

तुमच्या राजूरला शनिवारच्या चतुर्थीला चांगली गर्दी होती म्हणे. स्टँडवरचा विद्यापीठाच्या जाहिरातीचा, तुझ्या फोटोचा फ्लेक्स उन्हानं पांढरा पडलाय, पण ‘डॉ. अंगद’ आणि खालचा पगाराचा आकडा अजून वाचता येतो. तो आकडा तुझा नव्हताच. विद्यापीठानं एमडीवाल्यांचा, लॅबवाल्यांचा, आम्हा नर्सिंगवाल्यांचा, तुम्हा फिजिओथेरपीवाल्यांचा पगार एकाच पातेल्यात ढवळला, सरासरी काढली आणि ती सगळ्यांच्या फोटोखाली सारखी वाढली. क्लिनिकमध्ये तुला पंधरा हजार मिळतात. मला सरकारी दवाखान्यात त्याच्या तिपटीहून जास्त. हे तू घरी सांगितलं नाहीस. ज्या घरानं ‘आमच्यात डॉक्टर आहे, नर्स सून कशाला’ म्हणून माझं स्थळ परत पाठवलं, तिथं सांगणार तरी कसं? जाऊ दे. ते लिहायला बसले नव्हते.

तुझे तात्या माझ्याच वॉर्डात आहेत. साखरेमुळं डाव्या पायाची जखम चिघळली आणि बोटं काळी पडली. पाऊल काढलं तर माणूस वाचेल, असं सर्जन म्हणाले. तात्या संमतीच्या कागदावर सही करायला तयार होते. सोमवारी तू फोनवर सांगितलंस, मी येईपर्यंत सही करू नका. तेव्हापासून ते कागदाकडं बघत नाहीत, आणि काकू नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाहीत.

काल मी त्यांच्याजवळ बसून समजावलं. पाय काढल्यावर माणसाला पुन्हा चालायला शिकवणं हे अंगदचं काम, मेलेला पाय जिवंत करणं कुणाच्याच हातात नाही. ते माझ्याकडं बघून हसले.

“तू नर्स हाईस पोरी, तुला काय कळून राह्यलं? माझा पोरगा अंगद हातापायाचाच डॉक्टर हाय. तो येईन अन्‌ पाय चालता करीन.”

आज काळेपणा घोट्याच्या वर चढलाय. सर्जन आता गुडघ्यापर्यंतचं बोलतात. त्यापुढचं ते बोलले नाहीत, पण मी या वॉर्डात बरंच पाहिलंय.

तू का येत नाहीस ते मला कळतं. सुट्टी घेतली की पगार कापतात, आणि आलास तर सर्जन बोलणार आणि तू सगळ्यांसमोर गप्प उभा राहणार. कळतं, तरी मला तुझा राग येतो अंगद. फार येतो.

संध्याकाळी तात्यांना ताप चढला. डोळे उघडून विचारलं, “डॉक्टर आला का?” सर्जन खाटेशीच उभे होते.

चिठ्ठी वाचलीस की तिथूनच, मच्छिंद्रच्या समोर, काकूंना फोन लाव. तात्यांना म्हण, मी तो डॉक्टर नाही, सही करा. पगाराचं काही बोलू नकोस, फ्लेक्सचंही नको. नंतर ये आणि त्यांना चालायला शिकव. ते तुझ्याइतकं चांगलं कुणाला येत नाही, हे मी शिकत असताना पाहिलंय.

माझ्या सांगण्यावर ते सही करणार नाहीत. मी नर्स ना.

तुला कधीच डॉक्टर न म्हणणारी,
राजनंदिनी