पिशव्यांच्या पिशवीतलं जनावर

पण अण्णा, गप बसून राहिलं की सगळं सापडतं, हे तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पुरतं पटलेलं नाही. तुम्ही बसूनच होतात की. शाळेच्या व्हरांड्यात स्टुलावर, अख्खी नोकरी. तास संपला की घंटा द्यायची आणि पुन्हा स्टुलावर. तुम्हाला काय सापडलं? मी त्याच शाळेच्या मागच्या तारेखालून पळायचो आणि तुम्ही चार लोकांत म्हणायचात, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय, हा ना घरचा ना शाळेचा." सातवीत मी शाळा सोडली तेव्हा तुम्ही मारलंसुद्धा नाहीत. हेडमास्तरांना नुसतं म्हणालात, "जाऊ द्या सर, माझंच पोरगं हाय, मला माहितीय." त्यापेक्षा मारलं असतंत तर बरं होतं. ही जुनी भांडणं आज उकरून काढायचं कारण एक साप आहे, म्हणून तुम्हालाच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगू?

मी आता अमेरिकेत असतो. टेक्सासात शुगर लँड म्हणून गाव आहे, नावात साखर आहे पण मला अजून उसाचं एक कांडं दिसलेलं नाही. इथल्या एका इंडियन हॉटेलात मी स्वयंपाकी आहे. सहा वर्षांतलं हे चौथं गाव. तुम्ही असतात तर बोटं मोजून दाखवली असतीत. राहायला एका काकूंच्या घरी वरची खोली घेतली आहे. काकू पुण्याच्या, काका वारले, एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्या. मुलगा सांता क्लाराला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याने कॉलेजात असताना साप पाळलेला. नारिंगी रंगाचा, माझ्या हातापेक्षा थोडा लांब, विष नाही त्याला. नवीन घराच्या मालकाने साप चालणार नाही म्हणून सांगितलं, तर पोरगा काचेची पेटीच आईकडे ठेवून गेला. काकू त्याला साप म्हणत नाहीत. जनावर म्हणतात, तुमच्यासारखंच. आणि दर रविवारी सकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. "हाय आई" झालं की लगेच, "शो मी, शो मी!" काकू फोन पेटीपुढे धरतात. तो दहा मिनिटं त्या सापाशी बोलतो आणि दोन मिनिटं आईशी. एकदा मी काकूंना म्हणालो, "हा तुम्हाला फोन करतो का त्याला?" तर त्या म्हणाल्या, "त्याला करतो रे. पण फोन माझा वाजतो ना."

गेल्या गुरुवारी नागपंचमी झाली. दर वर्षी काकू कागदावर नाग काढून पूजा करायच्या. या वर्षी म्हणाल्या, घरात जिवंत जनावर असताना कागदाची कशाला करू? मी म्हणालो, "काकू, तो नाग नाहीये, अमेरिकन आहे." "असू दे. मी तरी आता कुठली आहे?" असं म्हणून त्यांनी पेटीच्या काचेला हळदकुंकू लावलं, झाकणाची क्लिप काढून आत दुधाची वाटी ठेवली आणि मला बजावलं, "आज काही चिरू नकोस हं, तवा ठेवू नकोस." आता मी हॉटेलात रोज पोतंभर कांदा कापणारा माणूस. म्हटलं, "मग काय दाताने तोडू?" त्यांनी माझ्या हातात पुरणाची दिंडं ठेवली आणि गप केलं.

साप दूध पीत नाही, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत. म्हणून कामावर निघताना मीच म्हणालो की काकू, वाटी काढून घेतो, नासेल. इथपर्यंत लक्षात ठेवा, अण्णा.

संध्याकाळी काकूंचा फोन आला तेव्हा मी भट्टीवर होतो. "ते नाहीये रे पेटीत." मालकाला सांगून तसाच निघालो. काकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, डोळे सुजलेले. "माझ्याच हातून झाकण राहिलं बघ. कसली पूजा अन् कसलं काय." मी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तू नाही ना रे काही केलंस? घाबरून? मी रागावणार नाही, पण खरं सांग." माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "माझ्या बापाने आयुष्यात एक साप मारला नाही, मी मारीन होय?" काकू दचकल्या. सॉरी सॉरी म्हणत राहिल्या. मला इतका राग का आला ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी ओरडत राहिलो.

दोन दिवस मी घर उलथंपालथं केलं. गाद्या उचलल्या, कपाटं पुढे ओढली, एसीच्या जाळ्या काढल्या, मागच्या नाल्याच्या कडेने उन्हात मैलभर चालत गेलो, गवत झोडत. काकू म्हणायच्या, "बाहेर गेलं असेल रे. आता रविवारी पोराला काय दाखवू?" त्या फोन उशाशी घेऊन बसायच्या आणि वाजला की दचकायच्या. एकदा म्हणाल्या, "दाखवायला काही नसलं की दोन मिनिटांसाठी कोण फोन करतं?" मला ऐकवेना. मी पुन्हा टॉर्च घेऊन गॅरेजात गेलो. तिथे मी तिसऱ्यांदा शोधत होतो.

तिथे तुम्ही आठवलात. मी अकरा वर्षांचा आहे, शाळेच्या खिचडीच्या खोलीत साप शिरलाय, पोरं ओरडतायत, सर काठी आणा म्हणतायत. तुम्ही सगळ्यांना बाहेर काढता, चुलीतली राख आणून भिंतीच्या कडेने पातळ पसरता, बादली पालथी घालून बसता आणि मलाही शेजारी बसवता. "बाहेर गेला म्हणायचं न्हाई. जनावर घरातच असतं. मधनं चालत न्हाई ते, भिंत धरतं. ऊब बघायची, अंधार बघायचा, अन् आपण हलायचं न्हाई." मी अर्धा तास बसलो असेन. मग लघवीला जातो म्हणून जो गेलो तो थेट नदीवर. परत आलो तेव्हा साप माठात होता आणि माठ तुमच्या सायकलला बांधलेला. तुम्ही रागावला नाहीत. नुसता राखेतला माग दाखवलात. मी बसलो होतो तिथून दोन हातांवरून गेला होता. पुढे मी गोव्याच्या हॉटेलात होतो आणि तुम्ही गेलात, तेव्हाही मी तिसऱ्या दिवशी पोचलो. राख सावडायला.

रविवारी सकाळी मी सहाला उठलो. इथे चूल कुठली आणि राख कुठली? काकूंचं तांदळाचं पीठ घेतलं आणि खालच्या सगळ्या भिंतींच्या कडेने चाळणीने चाळलं. एसी आणखी गार केला, म्हणजे त्याला ऊब शोधावीच लागेल. काकूंना स्वेटर घालून जिन्यावर बसवलं आणि मी स्वयंपाकघराच्या दारात बादली पालथी घालून बसलो. अण्णा, काय सांगू, पाच मिनिटांत पाय वळवळायला लागले. कान खाजतो, फोन बघावासा वाटतो, उठून एकदा गॅरेज बघून येऊ वाटतं. काकू वरून कुजबुजल्या, "कॉफी करू का?" मी म्हटलं, "हलू नका." माझ्या तोंडून तुमचा आवाज आला. साडेआठ झाले असतील. पिठात एक रेघ दिसली, नागमोडी, पँट्रीच्या दारापासून फ्रिजपर्यंत. मी डोळ्याने काहीच पाहिलं नव्हतं, समोर बसलेलो असून.

फ्रिज आणि भिंतीच्या मधे काकूंची ती मोठी पिशवी लटकते, जिच्यात दुकानातून आलेल्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. मागे फ्रिजची गरम हवा. मी हात घातला. घाम फुटला होता, खोटं नाही सांगत. पिशव्यांच्या खाली गुंडाळी करून बसला होता, कोमट, शांत. काकू किंचाळल्या, "अरे देवा! शुक्रवारी मी त्यातून दोन पिशव्या काढल्या!" आणि मग अशा हसायला लागल्या की जिन्यावरच बसल्या परत.

फोन अकराला आला. "शो मी!" काकूंनी दाखवला. मग राहवलं नाही त्यांना, सगळं सांगून टाकलं, पूजा, दूध, पीठ, पिशवी. पोरगा हसून लोळला. "आई, यू डिड पूजा? टू हिम? आणि झाकण ओपन ठेवलंस? सीरियसली, एवढं एकच काम होतं तुला." काकू म्हणाल्या, "हो रे, माझंच चुकलं, वय झालं आता." मी शेजारीच उभा होतो, पायाला पीठ. त्या रविवारी तो आईशी चाळीस मिनिटं बोलला. पहिल्यांदाच. शेवटी मला म्हणाला, "दादा, थँक्स यार, यू सेव्ह्ड अस," आणि दोनशे डॉलर आईच्या खात्यावर टाकले. काकूंनी ते रोख काढून माझ्या मुठीत कोंबले. मी नको नको म्हटलं, तर म्हणाल्या, "घे. त्या दिवशी तुझ्यावर संशय घेतला मी."

अण्णा, वाटी काढताना साप जरासा हलला आणि मी हात मागे खेचला. झाकण लोटलं आणि पळालो, उशीर होत होता. क्लिप लावली नव्हती. मला पक्कं माहीत आहे, लावली नव्हती. काकूंना अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडतो आणि त्या त्याच चाळीस मिनिटांचं बोलत असतात. ते पैसे मला खर्च करवत नाहीत, परतही देता येत नाहीत. गावी आपल्या आईला पाठवतोय, कशाचे ते सांगणार नाही. रुपयांत सतरा हजार.