अंगठीतला जांभळा खडा

मंगळवार, संध्याकाळ. विटा.

आज मंगलची अंगठी माझ्याच हातानं बिघडली. बायको जाऊन वर्ष होत आलं. लेक रविवारी साताऱ्याहून अंगठी न्यायला येणार, म्हटलं जरा उजळून ठेवावी. तीस वर्षं मदुरैला गलाईच्या दुकानात सोनं वितळवलं. आधी खडा काढायचा, मग आच द्यायची, हे कितीजणांना मीच शिकवलं. आज नजर सोन्यावरच राहिली. मळ जळाला, अंगठी लखलखली आणि जांभळा खडा पिवळट पडला. कोऱ्या चहासारखा.

खडा बाजारातला असता तर दुसरा बसवला असता. जतला मंगलच्या माहेरी विहीर खोदताना काळ्या दगडात पोकळी लागली, तिच्यात हे जांभळे स्फटिक होते. लाव्हा थिजताना राहिलेला बुडबुडा, त्यात पाणी झिरपत राहिलं, थरावर थर चढले, आणि कणभर लोखंडानं हा रंग आला. किती लाख वर्षं लागली असतील? मी दोन मिनिटांत घालवला. तो जांभळा आता परत आणणं माझ्या हातात नाही.

ती म्हणायची, "सोनं तुमचं, खडा माझ्या म्हायेरचा." मग मी सोनंच का बघत बसलो?

मघाशी लेकीचा फोन आला. "आबा, आईचा खडा नीट हाय न्हवं?"

"हाय की," म्हटलं.

आज दिवसभरात माणसाशी बोललो ते एवढंच. तेही खोटं.